दत्तारामाचे नमस्कार

९ जानेवारी १९६१

बारसं होणार नाही. मामंजींनी आज पानावर बसूनच सांगितलं. शेवटचा घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "जगाचा-वाचाचा नाय, तेका नाव कित्याक? उद्या नाव घेवन रडात बसतलास." झालं! विषय संपला. हात धुवायला उठले.

दोन महिने सहा दिवसांचा आहे माझा मुलगा. घरात सगळे त्याला 'पोर' म्हणतात. 'पोर न्हावक घाल.' 'पोर भायर हाडू नको, गिऱ्हायकां येतत.' पुढे आमचं दुकान — सुंभ, दोर, जाळ्याचं सूत. समुद्रावर जाणारी माणसं सकाळीच दोर घ्यायला येतात. त्यांना असलं मूल दिसलं तर अपशकुन! म्हणून आम्ही दोघं मागच्या खोलीत.

माहेरी, आरोंद्याला, बाबा मास्तर होते. मी सातवी फायनल पास. ते गेले तेव्हा त्यांच्या कोऱ्या वह्या मी उचलून आणल्या, त्यातली ही एक. बोलायला माणूस नाही म्हणून वहीशी बोलायचं. लग्नात यांनी नाव ठेवलं आनंदी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

१० जानेवारी

दोन बोंडली दूध पोटात राहिलं. ओकला नाही. एका बोंडल्याला पाऊण तास लागला, लागू दे.

१७ जानेवारी

शेजारची लक्ष्मी 'सहज' आली. सहज म्हणजे बघायला. त्याच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवली, टाळी वाजवली आणि मला म्हणाली, "बाय माझे, ह्येचो डोळो खंय बघता तां ह्येकाच म्हायत नाय." जाताना दारात जाऊबाईंना, मला ऐकू जाईल अशा बेतानं — "लवकर सुटलो तर बरा. आवशीचो पण जीव सुटात."

जाऊबाई तिला काही बोलल्या नाहीत. का बोलतील? त्या स्वतः कुठे कमी आहेत! नाव नर्मदा, पण तोंडात खारं पाणी. लग्नाला सतरा वर्षं झाली, मूल नाही. सासूबाई गेल्यापासून किल्ल्या जाऊबाईंच्या कमरेला. रोज सकाळी पोराला पायांवर घेतात आणि कणीक तिंबावी तसं तेल लावतात. तो कण्हतो. मी म्हटलं, हळू. तर म्हणाल्या, "रडूक पण बळ नाय मेल्याक! रडांदे. छाती भरात."

जन्मला तेव्हाच रडला नव्हता. दीड दिवस अडले होते मी. यशोदा सुईणीनं त्याला पायांना धरून उलटा केला, थापट्या मारल्या, थाळी बडवली. निळा! एक विडा लावून खाऊन होईल एवढा वेळ निळाच. मग मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला. बाजारातल्या डॉक्टरांकडे नेला तेव्हा ते म्हणाले, "जन्मताना मेंदूला हवा पोचली नाही. इजा झाली आहे. किती सुधारेल सांगता येत नाही."

सांगता येत नाही. सुधारणार नाही असं म्हणाले नाहीत! हे तीन शब्द मी दिवसभर तोंडात घोळवते.

२ फेब्रुवारी

यांचं पत्र आलं. मुंबईला गोदीत कारकून आहेत, गाववाल्यांच्या खोलीवर राहतात. अक्षर सुंदर. लिहितात — 'ईश्वरेच्छा असेल तसे होईल. तू अवघी वीस वर्षांची आहेस, पुढे मुले होतील.' पुढे! आणि हा जो आता मांडीवर आहे, तो? त्याच्याविषयी एक ओळ नाही.

उत्तर लिहिलं: तुमच्या मुलाचे डोळे तुमच्यासारखे आहेत. येऊन बघा, निदान तुमचेच म्हणून तरी बघा.

पत्र उंबऱ्यावर ठेवलं. थोरले दीर, भावोजी, येता-जाता उचलतात आणि पोस्टात टाकतात. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्यानं बोलायचं नाही ही या घरची रीत. दोन वर्षांत एक शब्द नाही. परशुराम नाव त्यांचं, पण मला तर वाटतं जिभेवरच कोणीतरी परशू चालवला असावा.

२१ फेब्रुवारी

हसला!!

माझ्याकडे बघून हसला. मी म्हणत होते, "कोणाचो रे तू? माझो मां?" — आणि ओठाचा डावा कोपरा वर गेला, मग उजवा, मग डोळेही. पुन्हा म्हटलं, पुन्हा हसला. तीनदा! वारा नव्हे, पोटात गॅस नव्हे, माझा आवाज ऐकून हसला.

धावत जाऊन सगळ्यांना बोलावलं. मूर्ख मी. मामंजी आले, उभे राहिले, पोर छताकडे बघत पडलं. मी "कोणाचो रे तू" म्हणत बसले, आठदा, दहादा. मामंजी म्हणाले, "तुका वायच झोप काड." जाऊबाईंनी त्याचं लाळेरं बदललं.

नको विश्वास ठेवायला. मी पाहिलंय. मला ओळखतो तो. मला आणखी काही नको आहे, देवा, फक्त एवढं राहू दे.

२२ फेब्रुवारी

आज दोनदा.

४ मार्च

शिमग्याचे ढोल दारात वाजले. दचकला! हात फाकले, तोंड वाकडं केलं, रडला. ऐकू येतं त्याला! ढोलवाले घाबरले, मी हसत सुटले. बायका म्हणाल्या असतील, आवस पण गेली कामातून.

१२ मार्च

मामंजींनी ठरवलं आहे. मे महिन्यात हे रजेवर येतील, तेव्हा पोराला आरोंद्याला माझ्या भावाकडे ठेवायचं आणि मी एकटीनं परत यायचं. "थंय खाडीचा वारा बरो." वारा! भावाच्या घरात सात माणसं आणि दोन खोल्या. वहिनी त्याला भरवेल पाऊण पाऊण तास? तिथे पोर पंधरा दिवस टिकायचं नाही, आणि हे मामंजींना माहीत आहे. म्हणून तर!

मी म्हटलं, तो जाईल तिथे मी. तर म्हणाले, "मगे थंयच ऱ्हव. गुरुदासाचा आमी बघतलंव." गुरुदास म्हणजे हे; दुसरं लग्न लावतील यांचं!

दोन महिने आहेत हातात. तोवर मान धरू दे. सगळ्यांदेखत एकदा हसू दे. काहीतरी कर रे बाबा, तू माणूस आहेस हे या लोकांना पटेल असं काहीतरी कर.

१९ एप्रिल

आज जे घडलं ते ओळीनं लिहिते.

सकाळी तो जागा झाला. मी शेजारीच. एकाएकी त्याची मान पुढे झुकली, दोन्ही हात वर येऊन छातीपुढे जुळल्यासारखे झाले. क्षणभर तसाच. मग सैल पडला. पुन्हा तेच! पुन्हा! पाच-सहा वेळा, कोणीतरी शिकवल्यासारखं. मला काय करावं सुचेना. दारात जाऊबाई तेलाची वाटी घेऊन उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. वाटी हातातून पडली. आणि मग अशा ओरडल्या की रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल —

"मामानू, धावा! पोर देवाक पाया पडता! नमस्कार करता देवाक!"

मामंजी धावत आले. नेमकं तेव्हाच आणखी एकदा मान झुकली, हात जुळले. तोंड देवघराच्या बाजूला! मामंजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिथेच बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी. मामंजींच्या!

माझ्या मनात आलं ते देव नाही, आरोंदा. आरोंद्याला जाणं टळलं.

२० एप्रिल

आज नऊ. सकाळी उठल्यावरच होतात. लक्ष्मी पाहून गेली. बोटं नाचवली नाहीत या खेपेला.

२४ एप्रिल

बारसं झालं! मामंजींनी देवळात कौल लावला. मूर्तीला लावलेली पाकळी उजवीकडून पडली, म्हणजे देवाचा होकार. नाव ठेवलं दत्ताराम, मामंजींच्या वडिलांचं. पावणेसहा महिने जो पोर होता त्याला आज पणजोबांचं नाव मिळालं. त्यांनी त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. घेता येत नव्हतं, मान लटकत होती, मीच पुढे होऊन हात लावला.

बायकांची ही गर्दी. लक्ष्मी पाया पडायला वाकली तेव्हा मी मुद्दाम त्याचं दुपटं सारखं करत बसले. बराच वेळ वाकून राहिली. राहू दे. कंबर दुखली तर बरंच.

यशोदा सुईण मात्र कोपऱ्यात जाऊबाईंना हळूच म्हणाली, "गो नर्मदा, ही आकडी तर नाय?" जाऊबाईंचा अवतार बघायला हवा होता! "तुझ्या जिभेक येवंदे आकडी! परत ह्यो शब्द काढशीत तर उंबऱ्याच्या आत घेवचंय नाय." दंडाला धरून बाहेर काढली बिचारीला. आणि सगळ्यांना बजावलं, मुलाला कोणी हात लावायचा नाही, दुरून पाया पडा. आता देवाच्या काकूबाई झाल्यात! मान मिळाला की माणूस कसं फुगतं ते पाहते आहे.

९ मे

हे आले. बोटीवरून पडावात आणि पडावातून उतरून सरळ घरी, वाटेत लोकांनी सांगितलेलंच होतं. आल्याबरोबर त्याला उचलला, "माझो झील" म्हणाले. पुढे मुलं होतील असं लिहिणारा हाच माणूस. आरोंद्याचं नाव कोणी काढत नाही.

दत्तारामाचं अंथरूण पुढच्या खोलीत आलं आहे. दर्यावर जाणारे आता त्याला नमस्कार करून मग दोर घेतात.

१३ मे

एक गोष्ट लिहायची होती. महिना झाला, लिहिली नाही.

तो हसत नाही. १९ एप्रिलपासून एकदाही नाही. "कोणाचो रे तू?" म्हणते, तो माझ्या पलीकडे बघतो. मी म्हणजे भिंत.

देवाचं झालेलं मूल आईला कशाला हसेल, असं मनाला सांगते. देव एक देतो, एक घेतो. आज हेच लिहायचं, पुढचं लिहायचं नाही.

२१ मे

आज बावीस. प्रत्येक नमस्कारानंतर रडतो. मान थोडी धरायला लागला होता, तीही गेली. जाऊबाईंना एकटीला गाठून विचारलं, "ह्या बरा नाय दिसणा माका. तुमका काय वाटता?" माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "गप ऱ्हव. कोणाकडेच बोला नको. मामांकडे तर नायच नाय."

मोठेपण जाईल ना यांचं!

२७ मे

शेवटची बोट. आता पावसाळाभर बोटी बंद. मी यांना म्हटलं, आम्हालाही न्या, तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. हसले. "देवाक काय कोण डॉक्टराक दाखयता?" पडावात बसून हात हलवला. मी बंदरावर उभी, कडेवर देव.

रडायचं नाही ठरवलं होतं, तरी रडले.

३० जून

एकतीस.

१९ जुलै

आज लिहितेच, म्हणजे पुढे कधी मी स्वतःला चांगली म्हणू लागले तर ही वही तोंडावर मारता येईल.

नमस्कार झोपेतून उठल्यावर होतात. हे आता गावाला ठाऊक आहे. देवबागेहून एक कुटुंब भिजत आलं, नारळ घेऊन. खाडीत होडी घेऊन गेलेला त्यांचा माणूस बेपत्ता आहे, सहा दिवस झाले. दत्ताराम झोपला होता. आदली रात्र तळमळत काढली होती त्यानं, पहाटे कुठे डोळा लागला होता. मामंजी म्हणाले, "उठव तेका. माणसां बसलीहत."

जाऊबाई मध्ये पडल्या. "निजांदे मामानू. देव झोपलो म्हणान सांगा." मामंजी ऐकेनात. माझ्याकडे बघितलं.

आणि मी उठवलं. मी! आईनं. गालावर थंड पाण्याचा हात लावून. डोळे उघडले, मान झुकली, हात जुळले. एक, दोन, तीन... अठरा. त्या माणसाची बायको ओक्साबोक्शी रडत पाया पडत होती, आणि तो मधे मधे रडत होता, आणि मी मोजत होते. शेवटी तो आणि ती बाई, दोघंही थकली.

होडीवरचा माणूस परत आला नाही. ते लोकही.

२ ऑगस्ट

आज दोनदा उठवला.

१५ सप्टेंबर

गणपतीला हे आले. गौरींच्या गडबडीत सगळे मागे, हे एकटे त्याच्याजवळ बसले होते. त्याचे नमस्कार सुरू झाले. मी दारातून बघत होते. आधी यांनी हात जोडले. मग वाकून त्याचा चेहरा पाहिला. गर्दीत कोणी चेहरा बघतच नाही, सगळे हात बघतात. डोळे वर फिरलेले, ओठ काळसर. जोडलेले हात हळूहळू सुटले यांचे.

"आनंदी," म्हणाले — कधी नावानं हाक मारत नाहीत — "ह्या नमस्कार न्हय गो."

पाच महिने मला माहीत होतं. दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठे खरं झालं.

१८ सप्टेंबर

मामंजी म्हणतात, मुंबई नाही. देव गावाबाहेर न्यायचा नाही. यांची आणि त्यांची जुंपली, शेवटी हे गप्प झाले, नेहमीसारखे. आणि जाऊबाई पुढे! "देव माझ्या सपनात इललो. माका मुंबयच्या देवीक दाखवन हाडा म्हणता." मामंजी विरघळले. स्वप्नंसुद्धा यांनाच पडतात! मला मात्र संध्याकाळी नुसतं म्हणाल्या, "पेटी भरलंय तुझी. दुपटी वरच आसत." घर मोकळं हवं असेल.

२९ सप्टेंबर, मुंबई

इस्पितळ. तीन तास बाकावर. मग वयस्क डॉक्टरीणबाई, पांढरे केस, चष्मा दोरीला. त्याला एकदा झालेलं त्यांनी स्वतः पाहिलं. मान झुकली, हात आले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे किती दिवस होतंय?"

"एप्रिलपासून."

"दिवसातून?"

"तीस. कधी चाळीस."

"मग तुम्ही काय केलंत एवढे महिने?"

मी म्हटलं, "पाया पडलो."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. हे मान खाली घालून बसले. मग मी सगळं सांगितलं, उठवण्याचंसुद्धा. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे झटके आहेत, बाई. लहान मुलांना असेच येतात, हात जोडल्यासारखे. आधीच दुखावलेला मेंदू, त्यात हे. जे थोडं शिकलेला असतो तेही पुसलं जातं."

"हसायचा तो. मला बघून."

"हो. तेच."

"एप्रिलात आणला असता तर?"

त्यांनी त्याची मान हातावर पेलून बघितली. मी पुन्हा विचारलं. "जास्त आशा होती," म्हणाल्या. "आत्ताही थोडी आहे. रोज एक इंजेक्शन, महिनाभर. सोडायचं नाही."

थोडी आहे म्हणाल्या. थोडी तर थोडी.

६ ऑक्टोबर

बारा. भूक फार लागते त्याला. इंजेक्शननं तोंड भोपळ्यासारखं सुजलं आहे. दिवसभर किरकिर. किरकिर चालेल!

१० ऑक्टोबर

चार. खोलीवरच्या एका गाववाल्यानं आज दाराशी येऊन हात जोडले. यांनी त्याला बाहेर काढला. पहिल्यांदाच यांचा आवाज चढलेला ऐकला.

१३ ऑक्टोबर

एकही नाही.

१४ ऑक्टोबर

एकही नाही! सकाळी उठला, आळस दिला, नुसता आळस! साध्या मुलासारखा!

इथे बसून एकच विचार करते. ओरडलं कोण? नमस्कार म्हणालं कोण? यशोदा सुईण पाचव्या दिवशी आकडी म्हणाली होती, तिला दंडाला धरून बाहेर काढलं कोणी? मी विचारलं तेव्हा गप राहा म्हणालं कोण? पाच महिने! माझ्या मुलाचं हसणं त्या बाईनं खाल्लं, मोठेपणासाठी. मी जाऊन बोलणार आहे. तोंडावर बोलणार आहे.

६ नोव्हेंबर, मालवण

बोलले.

दारात जाऊबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि दत्तारामाला घ्यायला हात पुढे केले. सुजलेलं तोंड पाहून म्हणाल्या, "बाळसा धरल्यान मां?" मी दिला नाही.

"झटके होते ते! आकडी! तुमी आराडलास, तुमी नमस्कार म्हणालास. पाच म्हयने तुमच्या तोंडापायी गेले तेचे. तुमका मिरवूचा होता!" आणखी काय काय बोलले ते आठवत नाही. शेवटचं आठवतं. लिहायलाच हवं. म्हटलं, "वांझेक काय कळतला पोराचा दुखणा!"

मामंजी ओट्यावर, भावोजी दुकानाच्या दारात. जाऊबाईंचे पुढे केलेले हात तसेच राहिले थोडा वेळ. मग घागर उचलली आणि विहिरीवर गेल्या.

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की बरं वाटेल. खोटं कशाला लिहू, वाटलं.

८ नोव्हेंबर

दिवाळी. नमस्कार बंद झाले हे गावभर झालं. मामंजींनी पुढच्या खोलीतलं अंथरूण मागे हलवायला लावलं. "पोराक थंयच बरा." पुन्हा पोर! लोक म्हणतात, आवशीन देव घालयल्यान, सुई टोचून. नारळ आणणारी माणसं आता मला वाटेत टाळतात.

डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या वाटून मधातून देते. सकाळी, संध्याकाळी. एकही झटका नाही. आरोंद्याचा विषय निघाला की यांनी निघताना लिहून दिलेलं पत्र दाखवते. 'माझा मुलगा माझ्या घरात राहील' असं स्वच्छ लिहिलं आहे, सुंदर अक्षरात.

१२ नोव्हेंबर

मान धरली! वीस मोजेपर्यंत. वर्षाचा झालेला मुलगा वीस मोजेपर्यंत मान धरतो आणि मी नाचते आहे, हसा कोणाला हसायचं तर. हसत नाही अजून. पण माझा आवाज आला की किरकिर थांबवतो. ऐकतो. उद्या तीस मोजू.

जाऊबाई बोलत नाहीत. तेल लावायला येतात, लावतात, जातात. आता तिंबत नाहीत, फार हलक्या हातानं लावतात. मी थांबवलेलं नाही, आणि माफही केलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

आज भावोजी माझ्याशी बोलले.

मी पडवीत दत्तारामाला टेकवून बसवत होते. ते येऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडे, तोंड माडांकडे. आधी मला कळलंच नाही कोणाशी बोलतायत.

"आमका झील झाललो. लग्नाच्या दुसऱ्या वर्साक. सात म्हयन्यांचो झालो नि असोच वाकूक लागलो. आमच्या बापाशीन आकडी म्हटल्यान. आकडीक डाग देवचो म्हणान सळी तापयल्यान. पोटार सात डाग. तिसऱ्या दिसाक गेलो. तो पण जन्मापास्ना अशक्त, म्हणान नाव पण ठेवक नव्हता, नि कोण सांगणा नाय." पडवीच्या खांबाला हात लावला. "ह्या पोराक वाकताना बघल्यान नि नर्मदा आराडली ती तेच्यासाटी. देवाचा म्हटला तर सळी लावूचो नाय कोण."

ते निघाले आणि दोन पावलांवर तसेच पाठमोरे थांबले.

"डाग देताना झिलाचे पाय मी धरललंय."

दुकानात कोणीतरी हाक मारली, ते गेले. आता दिवेलागण झाली आहे. जाऊबाई चुलीपुढे आहेत. मी अजून आत गेलेले नाही.